शंभर मिनिटांचें स्वयंपाकघर

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोते हो, हें भाषण आपल्या कानांवर पडत असतां पुष्कळांच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलेलीं असतील. मंडळी हात धुऊन, सुपारी चघळीत ऐकावयास बसली असतील. परंतु बहुतेक घरांतील एक व्यक्ति अजून बसलेली नसेल. ती आंत आहे. ताटें आवरीत आहे, ओटा पुशीत आहे, उद्यांची मटकी भिजत घालीत आहे. नळाच्या आवाजांतून तिला माझें बोलणें तुटक तुटक ऐकूं येत असेल. आजचें भाषण खरें म्हणजे तिच्याविषयीं आहे; आणि तिलाच तें पुरतें ऐकावयास मिळणार नाहीं, हीच या विषयाची प्रस्तावना समजावी.

मी ज्या बोलपटाची ओळख करून देणार आहें, त्याचें नांव ‘द ग्रेट इंडियन किचन’, म्हणजे थोर भारतीय स्वयंपाकघर. नांव इंग्रजी असलें तरी बोलपट मल्याळी भाषेंतील आहे. जिओ बेबी यांनीं तो लिहिला व दिग्दर्शित केला. निमिषा सजयन आणि सूरज वेंजारमूड यांनीं पत्नी व पती यांच्या भूमिका केल्या आहेत. १५ जानेवारी २०२१ रोजीं तो प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारें १०० मिनिटांची आहे, आणि त्यांतील पुष्कळसा वेळ आपण एका स्वयंपाकघरांत काढतों.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं मी कलेचा जाणकार नव्हे. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाचें शिक्षण घेऊन मी प्राथमिक शाळेंत नोकरीस लागलों आणि छत्तीस वर्षें मुलांना बाराखडी, पाढे व त्रैराशिकें शिकवून निवृत्त झालों. बोलपट पाहण्याचा मला फारसा नाद नाहीं. माझ्या मुलीनें एका रविवारीं दुपारीं हा बोलपट संगणकावर लावला आणि मला समोर बसविलें. मल्याळी मला येत नाहीं. खालीं उमटणाऱ्या इंग्रजी ओळी मी सावकाश वाचणारा. अर्धें कळेल आणि अर्धें निसटेल अशी भीति होती. ती व्यर्थ ठरली. या बोलपटांत बोलणें फारच थोडें आहे. जें आहे तें काम. आणि कामाला भाषांतर लागत नाहीं. नारळ खवणें, भाजी चिरणें, भांडें घासणें हें कोणत्याही प्रांतांत तेंच असतें.

‘स्वतंत्र बोलपट’ हा शब्द अलीकडे पुष्कळदां ऐकूं येतो. त्याचा अर्थ थोडक्यांत सांगतों. नेहमींचा बोलपट मोठ्या भांडवलावर उभा असतो. भांडवल घालणाऱ्यास आपला पैसा परत यावा असें वाटतें, आणि म्हणून गाणीं, मारामाऱ्या, नामांकित नट, परदेशचे देखावे यांची भरती करावी लागते. स्वतंत्र बोलपट थोड्या खर्चांत आणि थोड्या माणसांत तयार होतो. त्यामुळें त्याला बाजाराची मर्जी कमी राखावी लागते, आणि जी गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं ती त्याला सांगतां येते. त्याची अडचण अशी कीं, तयार झाल्यावर त्याला कोणी दारांत उभें करीत नाहीं. या बोलपटाचें तसेंच झालें. घरबसल्या बोलपट दाखविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीं प्रथम तो घेतला नाहीं. अखेर नीस्ट्रीम या नव्यानें निघालेल्या लहानशा मल्याळी सेवेनें तो दाखविला. पाहणाऱ्यांनीं, त्यांतही स्त्रियांनीं, तो एकमेकींस सांगितला. आणि मग मोठ्या कंपनीनेंही त्यास जागा दिली. केरळ राज्याचें २०२० सालचें उत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिक त्यास मिळालें, आणि पटकथेचेंही मिळालें. पुढें २०२३ साली तो तमिळ भाषेंत निघाला आणि २०२५ साली आरती कडव यांनीं दिग्दर्शित केलेलें ‘मिसेस’ नांवाचें त्याचें हिंदी रूप घरोघर पोंचलें.

कथानक चार ओळींत सांगतां येईल. एक सुशिक्षित, नृत्य शिकलेली तरुणी आहे. रीतीप्रमाणें पाहण्याचा कार्यक्रम होतो, लग्न होतें, आणि ती एका जुन्या, मानी घराण्यांत येते. नवरा शिक्षक आहे. सासरा शांत स्वभावाचा, सासू प्रेमळ. तिला कोणी मारीत नाहीं, उपाशी ठेवीत नाहीं, हुंड्यासाठीं छळीत नाहीं. कांहीं दिवसांनीं सासू आपल्या गरोदर मुलीच्या मदतीसाठीं निघून जाते, आणि सारें स्वयंपाकघर या मुलीच्या अंगावर पडतें. बाकीचा बोलपट म्हणजे तिचे दिवस. मुख्य पात्रांस लेखकानें नांवें दिलेलीं नाहींत. नांव नसल्यामुळें पाहणाऱ्यास आपल्या ओळखीचें नांव तेथें घालतां येतें, आणि बहुतेक लोक तें घालतात.

सासऱ्याच्या मागण्या कशा येतात तें पाहण्यासारखें आहे. तो कधीं आवाज चढवीत नाहीं. चटणी मिक्सरमधली दिसते, एवढेंच तो म्हणतो. म्हणजे उद्यांपासून पाटा-वरवंटा. भात कुकरमधला नको, चुलीवरचा बरा. म्हणजे लांकडें आणि धूर. आपले कपडे यंत्रांत घालूं नयेत. म्हणजे तिनें ते हातानें धुवावे. प्रत्येक मागणी इतकी लहान कीं नाहीं म्हणणें हाच उद्धटपणा ठरावा. घरांत मिक्सर आहे, कुकर आहे, धुण्याचें यंत्र आहे. यंत्रें आलीं म्हणजे स्त्रीचें काम हलकें होईल अशी आपली समजूत असते. बोलपट दाखवितो कीं, काम हलकें होणें हें यंत्रावर अवलंबून नाहीं. ज्याला खावयाचें आहे त्याच्या हट्टावर अवलंबून आहे. हट्ट करणाऱ्यास त्याची किंमत कधीं द्यावी लागत नाहीं, म्हणून त्याला तो हट्ट वाटतच नाहीं. त्याला ती रुचि वाटते.

आतां हा बोलपट आपला परिणाम कसा साधतो तें पाहूं. पहिलें साधन पुनरुक्तीचें. निबंध तपासतांना आम्ही पुनरुक्ति हा दोष मानतों. तेंच वाक्य पुन्हां आलें कीं तांबडी रेघ मारतों. येथें त्या दोषाचेंच हत्यार केलेलें आहे. चिरणें, वाटणें, परतणें, वाढणें, उचलणें, घासणें, पुसणें, झाडणें, दिवा मालवणें. आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां चिरणें, वाटणें, परतणें. प्रथम आपणांस तें पाहून बरें वाटतें. छायालेखक सालू के. थॉमस यांनीं पदार्थ इतक्या जवळून टिपले आहेत कीं तोंडास पाणी सुटावें. दुसऱ्या वेळीं पाहतांना आपण मनांत म्हणतों, हें कळलें, पुढें चला. तिसऱ्या वेळीं कंटाळा येतो. चौथ्या वेळीं आपल्या ध्यानांत येतें कीं आपणांस पाहण्याचाही कंटाळा आला आहे, आणि ती तर तें करीत आहे. पदार्थांवरून आपली दृष्टि मग हळूहळू दुसरीकडे जाऊं लागते. पुरुषांनीं चावून मेजावर टाकलेल्या शेवग्याच्या शेंगांकडे, उष्ट्या ताटांकडे, बेसिनमध्यें तुंबलेल्या खरकट्याकडे. पुरुष आधीं जेवतात. मग सासू आणि सून त्याच मेजावर, त्याच पसाऱ्यांत आपलें ताट ठेवून जेवावयास बसतात.

या मार्गानें जाणारा हा पहिलाच बोलपट नव्हे. बेल्जममध्यें शांताल अकरमान या बाईंनीं १९७५ साली ‘जान दिलमान’ नांवाचा एक बोलपट केला. तो ३ तास २१ मिनिटांचा आहे, आणि त्यांत एका विधवेचे तीन दिवस दाखविले आहेत. ती बटाटे सोलते, अंथरूण नीट करते, दिवे लावते व मालवते, आणि हें सर्व जवळजवळ पूर्ण वेळ घेऊन पडद्यावर घडतें. दुसऱ्या दिवशीं तिचे बटाटे जास्त शिजतात. पाहणाऱ्याच्या काळजांत धस्स होतें, कारण तोंवर त्याला तिच्या घराचें घड्याळ पाठ झालेलें असतें. तो बोलपट केला तेव्हां दिग्दर्शिकेचें वय पंचविशीच्या आंत होतें. इंग्लंडांतील ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकानें २०२२ साली टीकाकारांचीं मतें मागविलीं, तेव्हां आजवरच्या सर्व बोलपटांत त्यास पहिलें स्थान मिळालें. बटाटे सोलणें हाही गंभीर कलेचा विषय होऊं शकतो, हें मान्य व्हावयास अशीं सत्तेचाळीस वर्षें लागलीं.

दुसरें साधन ध्वनीचें. केरळच्या या बोलपटांत पार्श्वसंगीत फार थोडें आहे. त्याच्या जागीं सुरीचा आवाज, फोडणीचा चरचराट, भांड्यांचा खणखणाट, पाण्याची धार आणि केरसुणीची फरफर आहे. त्यावर कान इतके बसतात कीं शेवटीं शेवटीं नुसती पाण्याची धार ऐकली तरी अंग आवळून येतें. नभोवाणीच्या श्रोत्यांनीं एकदां डोळे मिटून आपल्याच घरचे असे आवाज ऐकावे. कोणता आवाज किती वाजतां सुरू होतो आणि किती वाजतां थांबतो, एवढें जरी टिपून ठेवलें तरी पुष्कळ समजेल.

तिसरें साधन म्हणजे एक गळकी नळी. बेसिनच्या खालची नळी गळूं लागते. ती नवऱ्यास सांगते. तो माणूस बोलावतों म्हणतो आणि विसरतो. ती पुन्हां सांगते. तो पुन्हां विसरतो. घाण पाणी खालीं ठेवलेल्या भांड्यांत सांचत राहतें, आणि त्या पाण्याचा वास तिच्या हातांस लागून रात्रीं निजतांनाही जात नाहीं. नवरा दुष्ट आहे काय? मुळींच नाहीं. तो केवळ विसरतो. विसरण्याची सवड त्याला आहे, तिला नाहीं. आपल्या घरांतील सुखदुःखाची वांटणी पाहावयाची असल्यास कोणाला काय विसरतां येतें तें पाहावें, असें मला या नळीनें शिकविलें.

एका प्रसंगीं दोघें उपाहारगृहांत जेवावयास जातात. तेथें नवरा चावलेला चोथा टेबलावर न टाकतां व्यवस्थित ताटांत ठेवतो. ती हंसून म्हणते, तुम्हांला रीतभात येते तर. तेवढ्यावरून त्याचा अपमान होतो, आणि तिला क्षमा मागावी लागते. बाहेर जो सभ्यपणा येतो तो घरीं येत नाहीं, कारण घरीं तो पसारा उचलणारें कोणी आहे. शयनगृहांतील दुसऱ्या एका प्रसंगीं ती आपल्या सुखाविषयीं एक साधा शब्द बोलते, आणि तो तिलाच लाजवितो. या दोन्ही ठिकाणीं तिनें कांहींही मोठें मागितलेलें नाहीं. तिनें केवळ आपल्याला दिसलें तें सांगितलें. त्या घरांत तिला करावयाची मुभा आहे, पाहावयाची नाहीं.

मी मास्तर असल्यामुळें थोडें गणित मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाहीं. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें, लोक आपला दिवस कसा घालवितात याची देशभर पाहणी केली. घरच्या माणसांसाठीं बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें जातात असें आढळलें. असें काम करणाऱ्या पुरुषाचीं ९७. शिवाय असें काम करणाऱ्या स्त्रिया शेंकडा ८१, तर पुरुष शेंकडा २६. म्हणजे शंभरांतील चौऱ्याहत्तर पुरुषांचा त्या ९७ मिनिटांशींही संबंध नव्हता. २०२४ साली पुन्हां पाहणी झाली. तेव्हां स्त्रियांचीं मिनिटें २८९ झालीं आणि पुरुषांचीं ८८. वजाबाकी करून पाहा. पहिल्या वेळचें अंतर २०२ मिनिटें, दुसऱ्या वेळचें २०१. पांच वर्षांत एक मिनिट.

आतां २९९ ला ३६५ नीं गुणा. वर्षाचे १,८१८ तासांहून अधिक होतात. कचेरीचा दिवस आठ तासांचा धरला तर हे २२७ दिवस झाले. ज्या बाईविषयीं आपण ‘ती कांहीं करीत नाहीं, घरींच असते’ असें म्हणतों, ती वर्षांतून २२७ पूर्ण दिवसांची नोकरी करते. त्या नोकरीस रविवार नाहीं, रजा नाहीं, आणि माझ्यासारखें निवृत्तिवेतनही नाहीं.

एक योगायोग येथें सांगण्यासारखा आहे. बोलपट प्रसिद्ध होण्यापूर्वीं दहाच दिवस, म्हणजे ५ जानेवारी २०२१ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें एका मोटार-अपघाताच्या दाव्यांत निकाल दिला. अपघातांत नवराबायको दोघेंही मृत्यु पावलीं होतीं, आणि भरपाई ठरवितांना घरकाम करणाऱ्या पत्नीचें उत्पन्न काय धरावें हा प्रश्न होता. गृहिणीच्या कामाचें मोल धरलेंच पाहिजे असें न्यायालयानें सांगितलें, आणि त्या निकालांत हेच २९९ व ९७ चे आंकडे नमूद केले. निकाल योग्यच आहे. परंतु मनांत येतें कीं, त्या कामाची किंमत काढण्याची वेळ आपणांवर ती बाई गेल्यानंतरच कां यावी?

आतां माझ्या स्वतःच्या अडचणीकडे येतों. बोलपटांतील नवरा मुलींच्या शाळेंत समाजशास्त्र शिकवितो. एका प्रसंगीं तो वर्गांत कुटुंबसंस्था म्हणजे काय हा धडा शिकवीत असतो. शिकवितो चांगलें. हिंदी रूपांत नवऱ्यास स्त्रीरोगांचा डॉक्टर केलें आहे. दोन्ही ठिकाणीं मर्म एकच आहे. विषय पुस्तकांतून येणें आणि घरांत दिसणें या दोन गोष्टी निराळ्या. तो वर्गांतील प्रसंग पाहिला आणि मला पुढचीं पांच मिनिटें कांहीं दिसलें नाहीं. मी दरवर्षीं चौथीच्या मुलांना ‘माझी आई’ हा निबंध घालीत असें. छत्तीस वर्षांत किती मुलांनीं तो लिहिला असेल! त्यांतील बहुतेकांत एक वाक्य असेच: माझी आई सर्वांच्या आधीं उठते आणि सर्वांच्या नंतर निजते. त्या वाक्याशेजारीं मी तांबड्या शाईनें ‘छान’ असें लिहीत असें. तें वाक्य म्हणजे एखादी फिर्याद असूं शकेल हें माझ्या कधीं मनांतही आलें नाहीं.

त्या बोलपटांत सून नृत्यशिक्षिकेच्या जागेसाठीं अर्ज करते. सासरा रागावत नाहीं. घरांतील बाईचें घरांत असणें हेंच घराचें भाग्य, असें तो समजुतीनें सांगतो. त्याची स्वतःची पत्नीही पदव्युत्तर शिक्षण घेतलेली आहे, आणि ती नोकरीस गेली नाहीं म्हणूनच मुलें मार्गास लागलीं, याचें त्याला समाधान वाटतें. आमचें लग्न १९८४ साली झालें. माझी पत्नी चांगल्या गुणांनीं एस. एस. सी. झालेली होती, आणि लग्नानंतर दोनच महिन्यांनीं तिला अध्यापक विद्यालयांत प्रवेश मिळाल्याचें पत्र आलें. माझी आई म्हणाली, घराकडे कोण पाहणार? मी स्वतः शिक्षक. शिक्षणाचें महत्त्व गांवाला सांगणारा. मी ‘नाहीं’ म्हटलें नाहीं. मी म्हटलें, पुढच्या वर्षीं पाहूं. पुढच्या वर्षीं मुलगी झाली. तें पत्र आमच्या जुन्या ट्रंकेंत कित्येक वर्षें होतें. घर बदलतांना केव्हां गेलें कोणास ठाऊक. मी कोणावर जुलूम केला असें मला आजवर वाटलें नव्हतें. आणि हा बोलपट नेमका जुलूम न करणाऱ्या माणसांविषयीं आहे.

उत्तरार्धांत एक नवीन सूत्र येतें. महिन्याच्या त्या चार दिवसांत सुनेस स्वयंपाकघर बंद होतें. आपल्याकडे ‘कावळा शिवला’ असें म्हणत, ‘बाहेरची’ म्हणत. मराठी श्रोत्यांस हें अधिक सांगावयास नको. पहिल्या वेळीं उषा नांवाची मोलकरीण कामास येते. दुसऱ्या वेळीं नात्यांतील एक वयस्क बाई येते आणि सर्व नियम कडकपणें पाळावयास लावते: वेगळी खोली, जमिनीवर निजणें, तुळशीस स्पर्श नाहीं. त्यांतच नवरा व सासरा शबरीमलेच्या यात्रेचें व्रत घेतात. २८ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या देवळांत सर्व वयांच्या स्त्रियांस प्रवेश द्यावा असा निकाल दिला होता, आणि त्यावरून केरळांत मोठा क्षोभ झाला होता. त्या वातावरणांत हें घर उभें आहे. नवरा गाडीवरून पडतो. ती धांवत जाऊन त्याला सांवरूं पाहते. आणि व्रतांत असतां शिवलीस म्हणून तो तिच्यावरच ओरडतो. जी बाई रोज तीन वेळां त्याच्या पोटांत जाणारें अन्न हातानें करते, तिच्या हाताचा आतां विटाळ होतो.

येथें मला देवधर्माविषयीं कांहीं म्हणावयाचें नाहीं. श्रद्धा ज्याची त्याची. पण हा विरोधाभास त्या मुलीस जसा दिसतो तसा आपणांसही दिसतो, आणि मग तिला पूर्वींसारखें राहतां येत नाहीं. एके दिवशीं व्रतस्थ मंडळी चहा मागतात. त्या गळक्या नळीचें सांचलेलें पाणी ती पेल्यांत भरून त्यांच्यापुढें ठेवते, आणि पुढें तें घाण पाणी नवऱ्याच्या व सासऱ्याच्या अंगावर फेंकून घराबाहेर पडते. माहेरीं गेल्यावर तिचा भाऊ बाहेरून येतो, पाणी मागतो, आणि आई धाकट्या मुलीस उठवूं लागते. ती कडाडते: त्याचें तो घेईल. सर्व बोलपटांत तिनें एवढा आवाज कोठेंच चढविलेला नाहीं. तो पाण्याच्या एका पेल्यासाठीं चढतो. शेवटीं ती नृत्यशिक्षिका झालेली दिसते. आणि त्या जुन्या घरांत? तेथें नवीन सून आलेली आहे, आणि तोच ओटा, तींच भांडीं, तेंच काम सुरू आहे.

या बोलपटावर आक्षेप घेणारेही आहेत, आणि त्यांचें म्हणणें ऐकलें पाहिजे. कोणी म्हणतात, चित्र एकांगी आहे. स्वयंपाकांत आनंद नसतो काय? आपल्या आयाआज्या आवडीनें रांधीत, जात्यावर ओव्या म्हणत. आनंद असतो, हें खरें. बोलपटाच्या आरंभींही तो आहे. नवी सून मोठ्या हौसेनें सासूबरोबर स्वयंपाक करते. पण हौस ही जेव्हां वाटेल तेव्हां थांबवितां येते. जें थांबवितां येत नाहीं त्यास हौस म्हणूं नये. ओव्यांविषयीं म्हणाल, तर त्यांत माहेरची ओढ आणि सासुरवासाचें दुःखही पुष्कळ आहे. जात्यापाशीं पहांटे पुरुष नसत, म्हणून तें मोकळेपणानें बोलतां येई.

मला स्वतःला दोन उणीवा वाटल्या. एक अशी कीं घरांतील पुरुषांस एखादा तरी शंकेचा क्षण द्यावयास हवा होता. माणूस इतका निःशंक क्वचित् असतो. दुसरी उषेविषयीं. ती कामें करतां करतां गाते. त्या चार दिवसांतही सुटी घेतां येत नाहीं, मग कोणास सांगावयाचेंच कशाला, असा तिचा व्यवहार आहे. शिकलेली सून घराबाहेर पडूं शकते, कारण तिच्या हातांत नृत्य आहे आणि पाठीशीं माहेर आहे. उषेनें कोठें जावें? या प्रश्नाजवळ बोलपट येतो आणि पुढें निघून जातो. दिग्दर्शकांनीं मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली आहे. लग्नानंतर ते स्वतः स्वयंपाकघरांत काम करूं लागले, तेव्हां तेथील कोंडमारा त्यांस कळला, आणि त्यांतून ही कल्पना सुचली. पुरुषानें हें कसें ओळखलें, याचें उत्तर असें साधें आहे. तो आंत गेला.

बोलपट संपल्यावर मी माझ्या पत्नीस तो पाहण्याचा आग्रह केला. दुसऱ्या रविवारीं तिनें तो पाहिला. मध्यें दोनदां उठून दुधाखालचा गॅस बंद करून आली. मला वाटलें होतें, तिला रडूं येईल. संपल्यावर ती म्हणाली, “अहो, यांत नवीन काय दाखविलंय?” आणि चहा ठेवावयास आंत गेली.

मी त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. जो बोलपट पाहून मी आठवडाभर अस्वस्थ होतों, त्यांत तिला बातमी अशी कांहींच नव्हती. एकाच छपराखालीं चाळीस वर्षें राहून जें एकास नवीन आणि दुसऱ्यास नेहमींचें असतें, तेंच या बोलपटाचें खरें कथानक आहे. त्या दिवशीं मी तिला विचारलें, दुपारीं तूं केव्हां जेवतेस? ती म्हणाली, तुमचा डोळा लागल्यावर. कारण मला पोळी तव्यावरून ताटांत लागते, आणि जेवल्याबरोबर पाणी, आणि मग सुपारी.

आतां आम्ही एकदम जेवावयास बसतों. पोळ्या आधीं करून डब्यांत ठेवलेल्या असतात. त्या थोड्या निवतात. त्यानें कांहीं बिघडत नाहीं असें मला साठी उलटल्यावर कळलें. रात्रीचीं भांडीं मी घासतों. पहिल्या आठवड्यांत एक कपबशी फुटली आणि कढईचें बूड कसें घासावें तें मला तिच्याकडून शिकावें लागलें. हें मी बढाईनें सांगत नाहीं. २०१ मिनिटांच्या अंतरांत माझें योगदान फार तर पंचवीस मिनिटांचें आहे. अध्यापक विद्यालयाचें तें पत्र त्यानें परत येत नाहीं, आणि तें परत येईल असें मी तिला कधीं म्हणतही नाहीं.

श्रोते हो, माझी वेळ संपत आली. संधि मिळाल्यास हा बोलपट जरूर पाहावा. पुरुषांनीं शक्य तर घरच्या मंडळींसमवेत पाहावा, आणि मध्यें दूध उतूं जाऊं लागल्यास स्वतः उठावें. तूर्त एवढेंच करा. आंत नळ चालूं असेल, तर जाऊन जीं भांडीं राहिलीं असतील तीं आपण घ्या, आणि तिला येथें येऊन बसूं द्या. माझें भाषण तिला अर्धेंच मिळालें. पुढचा कार्यक्रम तरी तिला पुरता ऐकतां येईल.

नमस्कार.